डाव्या वळणावरचा हॉर्न

त्या गाडीचा हॉर्न आपोआप वाजायचा, पण फक्त डावीकडे वळताना. सरळ चालवा, उजवीकडे वळा, गप्प. डावीकडे चाक फिरवलं की कोणी हात न लावता भोंगा बोंबलायचा. मलकापुरात लोक पोट धरून हसत. मला हसू आलं नाही. ती गाडी दसऱ्याला राजूरच्या घाटातून माझा मामा चालवणार होता, आणि पत्रकं वाटत त्या घाटातून मी इतक्यांदा पायी गेलो होतो की तिथली डावी वळणं मला पाठ होती.

मामा एका कापसाच्या जिनवाल्या शेठकडे ड्रायव्हर होता. मी मॅट्रिक होऊन मामा-मामीकडेच राहायचो आणि जिनातल्या कामगारांसाठी पत्रकं लिहायचो. म्हणजे शेठविरुद्ध मी लिहायचो आणि शेठची गाडी मामा हाकायचा. मामा म्हणे, "एका घरात दोन पक्ष असले की भाकर कोनाची तरी गरम राह्यते."

महाराष्ट्र नवा होता. जिल्ह्याच्या कारभारात खुर्च्या नव्या तयार होत होत्या आणि आमच्या शेठला त्यातली एक हवी होती. दसऱ्याला मुंबईहून कोणी मोठे पाहुणे बुलढाण्याला येणार होते. मलकापूरला रेल्वेतून उतरणार, तिथून मोटारीनं वर. शेठच्या डोक्यात आलं की पाहुण्यांना साध्या गाडीतून काय न्यायचं! इंग्रजांच्या काळातली, टप उघडणारी, लांब नाकाची विलायती गाडी सरकीच्या गोदामात धूळ खात पडली होती. ती काढा, रंगवा, हार घाला. मोताळ्याच्या पलीकडच्या खेड्यांत पावसाळ्यात बाळंतिणीला खाटेवर घालून चिखलातून आणावं लागत होतं. तिथं टाकायला खडी नव्हती. ह्या गाडीच्या मडगार्डाला मात्र तीन हात रंग लागला.

गाडी ज्या मिस्त्रीच्या वर्कशॉपात आली तो बोलण्याचा भारी शौकीन. स्वतःला इंजिनांचा वैद्य म्हणवून घ्यायचा. बॉनेट उघडल्यावर आतून उंदरांचं आख्खं घरटं निघालं. जुन्या वायरींवर सुताचं वेष्टण असतं. सरकीच्या गोदामातल्या उंदरांना त्यात तेलाचा वास आला असणार. दिव्यांच्या, हॉर्नच्या, सगळ्या वायरी कुरतडून उघड्या तारा राहिल्या होत्या.

"खाल्लं तर खाल्लं," मिस्त्री म्हणाला, "पन एक वायर पूरी नाई खाल्ली बे. शेठसारखेच दिसते. सगळ्यातलं थोडं थोडं."

त्यानं सगळ्या वायरी नव्या टाकल्या. दिवे लागले. हॉर्न दाबला तर वाजला. आणि गाडी वर्कशॉपाच्या फाटकातून डावीकडे वळली तर न दाबताही वाजला.

मिस्त्रीनं वायर काढली, पट्टी गुंडाळली, पुन्हा घातली. पुन्हा तेच. हॉर्नची वायर स्टेअरिंगच्या नळीतूनच वर चाकाच्या मधल्या बटणापर्यंत जाते. ती कुठे लोखंडाला टेकली की हॉर्न वाजतो. मिस्त्रीचं म्हणणं, नवीन मालच भिकार.  मामा नुसता चाकाला हात लावून बसायचा आणि ऐकायचा.

नवरात्र सुरू होतं. एक दिवस शेठ स्वतः गाडीत बसून चौकातून निघाले. देवीच्या मांडवापाशी आरती चालली होती. नेमकं तिथं डावं वळण. हॉर्न असा काही हंबरला की आरती थांबली. कोणीतरी गर्दीतून ओरडलं, "शेठ, गाडीत रेडा बसवला का?" शेठचा चेहरा लाल झाला. वर्कशॉपात येताच म्हणाले, "ये रोना बंद करो. पाहुण्यांसमोर असं झालं तर तुझं दुकान बंद करीन."

मिस्त्रीनं पुढे होऊन हॉर्नची वायरच उपटून टाकली. "लो शेठजी. बीमारी खतम."

शेठ गेले. मामा तिथेच उभा राहिला.

"बीमारी खतम नाई झाली," तो म्हणाला. "आवाज खतम झाला. लेकरू रडून राह्यलं तर त्याच्या तोंडावर हात ठेवते काय कोनी? काऊन रडते ते तर पाय."

"मले शिकवतं काय?"

"घाटात मी जाऊन राह्यलो, तू नाई."

 मिस्त्रीनं वायर पुन्हा जोडली, तात्पुरती. गाडीचं तोंड जॅकवर उचललं. चाकं अधांतरी. मामानं स्टेअरिंग डावीकडे फिरवलं, हॉर्न गप्प. उजवीकडे, गप्प. जॅक काढून गाडी जमिनीवर टेकवली. आता डावीकडे, जरा कुईं झालं. "वजन पायजे," मामा म्हणाला. "बसा रे दोघं."

दोघं म्हणजे मी आणि शेठचा पुतण्या. पुतण्या कॉलेजातला, गोरागोमटा, मोटारीचा वेडा. शेठच्या घरात ज्याच्याशी मला बोलावंसं वाटे असा तो एकटाच माणूस. गाडी चालवायला त्याला मामानंच शिकवलं होतं, कापसाच्या बाजारामागच्या मैदानावर, लहानपणी मांडीवर उशी ठेवून त्यावर बसवून. मामाला तो उस्ताद म्हणायचा आणि मला क्रांतिकारक.

"बसा क्रांतिकारक, आज तुमचं वजन कामाला आलं," तो म्हणाला आणि उडी मारून मागे बसला.

आम्ही दोघं बसलो. मामानं डावीकडे चाक ओढलं. भोंगा सुटला. मिस्त्री गाडीखाली आडवा होता. तो खालून ओरडला, "थांब! पुन्हा कर. हळू."

मामानं पुन्हा केलं. पुन्हा भोंगा. मिस्त्री बाहेर आला तेव्हा त्याची बडबड बंद झाली होती.  चाकाच्या नळीखाली जो दांडगा डबा असतो, ज्याच्यातून चाकाचा फिरवा टायरांपर्यंत जातो, तो डबा चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, तीन बोल्टांनी बसवलेला असतो. त्या बोल्टांची भोकं झिजून लांबोडी झाली होती आणि डबा धरणाऱ्या ब्रॅकेटला चीर गेली होती. नव्या रंगानं ती झाकली होती. वजन आलं आणि डावीकडे चाक ओढलं की सगळा डबाच जागेवरून सरकायचा, नळी तिरपी व्हायची आणि आतली वायर लोखंडाला घासायची. वायर बिघडलेली नव्हतीच. जे सांगायचं ते ती नीट सांगत होती.

"घाटात हे सुटलं असतं तर?" पुतण्यानं विचारलं.

"तर चाक तुझ्या हातात आन् गाडी देवाच्या," मामा म्हणाला.

हॉर्नची वायर पुन्हा सोडवली आणि ब्रॅकेट काढून खामगावला वेल्डिंगला पाठवलं. ते परत आलं अष्टमीला, दिवस मावळता मावळता. मिस्त्रीनं ते चासीला लावलं, डबा बसवला, तिन्ही बोल्ट बोटांनी फिरवून जागेवर आणले. आवळायचे राहिले. कारण त्याची बायको दारात रॉकेलचं भांडं आणि चिंध्या घेऊन उभी होती. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. अवजारं धुऊन पुसून पूजेत मांडायची.

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यार पूजेत बसलं की दसऱ्याच्या दुपारच्या मुहूर्तापर्यंत त्याला हात लावत नाहीत. सुताराची करवत असो, न्हाव्याचा वस्तरा असो, मिस्त्रीचा पाना असो. "दसऱ्याले पूजा उचलली का आवळून टाकतो," मिस्त्री म्हणाला. हिशोब बरोबर होता. पाहुणे दसऱ्याच्या संध्याकाळी येणार होते.

नवमीला शेठचा माणूस निरोप घेऊन आला. पाहुण्यांचा बेत बदलला होता. ते सकाळच्याच गाडीनं येणार. गाडी तयार आहे का?

मिस्त्री ओट्यावर चारचौघांत बसला होता. "तयार म्हनजे? नवरदेवासारखी तयार आहे," तो म्हणाला.

तो माणूस गेला. मामानं मिस्त्रीकडे पाहिलं. मिस्त्रीनं दुसरीकडे पाहिलं.

दसऱ्याची सकाळ मला नको तितकी आठवते. वर्कशॉपात पाटावर पाने लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं मांडलेले, प्रत्येकावर हळदकुंकू, झेंडूचं एकेक फूल. गाडीच्या नाकावर स्वस्तिक, चाकावर अक्षता. आणि खाली ते बोटांनी फिरवलेले तीन बोल्ट.

"एक पाना दे," मी मिस्त्रीला म्हणालो.

"नाई."

"माणसाचा जीव जाईल."

"माह्या भावानं असाच पूजेतला छिन्नी-हातोडा उचलला होता. डोळा गेला. तू पत्रकात लिही तुले काय लिहायचं ते. पूजेले हात लावू नको."

मी सरळ पाटाकडे हात घातला. माझं मनगट धरलं ते मिस्त्रीनं नाही. मामानं.

"पूजेतला पाना लावून मी घाटात जाऊ? नाई बे. त्याच्यापेक्षा ढिली बरी."

मला तेव्हा संताप आला होता आणि आजही येतो. ज्याच्या मानेवर सुरी, तोच म्हणतो सुरीला नमस्कार कर. पण मामाला ढकलून पाटाला हात लावणं मला जमलं नाही. मी सायकल काढली आणि गावभर हिंडलो. सायकलवाल्याकडे पाने पूजेत. लोहाराची सांडस पूजेत, लोहार अंघोळ करून नवा सदरा घालून बसलेला. "हसत ये, सोनं वाटाले ये, पाना मागाले नको येऊ," तो म्हणाला. रेल्वे फाटकाशी एक परप्रांतातला ट्रकवाला भेटला. त्यानं बिचाऱ्यानं काही न विचारता पान्यांची पिशवीच दिली. पण त्या विलायती गाडीचे बोल्ट भलत्याच मापाचे. एक पाना आत जाईना, दुसरा नुसता गोल फिरे. शेवटी मामीची स्वयंपाकघरातली सांडशी आणली. ती बोल्टावरून सटकली आणि वाकली. मामी आजही त्या वाकड्या सांडशीनं दूध उतरवते.

सगळं मलकापूर अवजारांनी भरलेलं आणि बोल्ट आवळायला काही नाही.

"शेठला सांग," मी मामाला म्हणालो. "सांग, गाडी तयार नाही."

"सांगतलं. सकाळीच जाऊन सांगतलं. म्हनते, मिस्त्री तयार म्हनते आन् तू नाई म्हनतं, भाच्यानं शिकवलं काय? नाई तर दुसरा ड्रायव्हर पायतो."  मग मामा म्हणाला, "हॉर्नची वायर जोड. तिले पाना लागत नाई."

ते खरं होतं. दोन टोकं सोलून पिळायची, बस. मी ती नखांनी सोलली आणि पिळली. आता आमच्याकडे एवढंच होतं. डबा सरकला तर भोंगा सांगेल.

इंजिनात घालायच्या पाण्याचा डबा सांभाळायला म्हणून मामानं मला पुढे शेजारी बसवलं. पुतण्या माझ्या आणि दाराच्या मधे अंग चोरून बसला. मागे शेठ आणि पाहुणे. आमच्या मागून सरकारी जीप. स्टेशनावर हार झाले, घोषणा झाल्या. मलकापूर सुटलं. दोन्ही बाजूंना कपाशीची बोंडं फुटायला लागली होती. रस्ता सरळ होता आणि मामा चाक असं हलकं धरून बसला होता जसं पाण्यानं काठोकाठ भरलेलं भांडं.

मोताळ्यापर्यंत भोंगा गप्प. मोताळ्यात आणखी हार. गावाबाहेर एका डाव्या वळणावर कुईं झालं.

"कोणी जोडला हा?" मागून शेठ.

"मी," मामा म्हणाला. त्यानं माझं नाव घेतलं नाही.

घाटाच्या पायथ्याशी पुन्हा झालं. या वेळी लांब. पाहुणे हसले. "शेठजी, तुमची गाडी आमच्याहून जोरात घोषणा देते." शेठही हसले, तोंडापुरते. चढ सुरू झाला. डाव्या हाताला डोंगर, उजव्या हाताला दरी, वाळून पिवळं पडलेलं गवत आणि सागाची करपलेली पानं. पहिलं डावं वळण. भोंगा सुटला आणि चाक सरळ केल्यावरही लगेच थांबला नाही. माझ्या पायाखाली काहीतरी कट्ट वाजलं. मामानं ते ऐकलं. पुतण्यानंही ऐकलं, कारण त्यानं माझ्याकडे पाहिलं.

मामानं गाडी डोंगराच्या अंगाला घेतली, थांबवली, चाकामागे दगड लावला आणि डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"शेठजी, गाडी पुढे नेत नाई. स्टेअरिंग सुटून राह्यलं."

शेठ काय काय बोलले ते लिहीत नाही. पाहुणे मात्र हुशार. माणसाचा आवाज ऐकून धोका ओळखायचा हाच त्यांचा धंदा. ते पाय मोकळे करायला म्हणून उतरले आणि बोलता बोलता जीपमध्ये जाऊन बसले. मग शेठलाही जीपमध्ये बसावंच लागलं. एवढ्यावर थांबलं असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो. पण वर घाटमाथ्यावर स्वागताची कमान होती, लेझीम होतं, फोटोवाला होता. हार घातलेली गाडी घाटात टाकून जीपमधून उतरायचं? शेठ जीपमधून ओरडले, "रिकामी तर रिकामी, पण वर आण. माझ्या मागोमाग पाहिजे."

"मी नाई आनत," मामा म्हणाला.

"मग उद्यापासून येऊ नको." आणि पुतण्याकडे, "तू आण."

जीप गेली.

पुतण्या चाकामागे बसला. मामानं दार धरलं. "उतर. वजन टाकून पायलं होतं ना तू? तूच तर बसला होता."

"म्हणूनच. आता वजन नाही ना उस्ताद. एकटा आहे मी. आणि किती राहिला घाट?"

"उतर म्हनलं."

"काकांना तोंड कसं दाखवू? तुम्ही नोकरी सोडाल. मी घर कुठं सोडू?"

हे तो हसत म्हणाला, पण खरं होतं. मामाचा हात दारावरून सुटला नाही, ढिला झाला. "मग ऐक. डाव्या वळणाले भोंगा बोंबलला का ब्रेक. पुढे काई पायत बसू नको. ब्रेक."

"हो उस्ताद."

आम्ही दोघं दगड काढायला वाकलो. गाडी सरकली, जेमतेम वळणाशी गेली आणि भोंगा सुटला, आतापर्यंतच्यापेक्षा मोठा, सगळ्या घाटात घुमणारा. गाडी थांबली. मामा म्हणाला, "शाब्बास." आम्ही पळत निघालो. तेवढ्यात आम्हाला दिसलं की पुतण्यानं खाली वाकून हात घातला. भोंगा एकदम बंद झाला. त्यानं वायर ओढली होती. वर जीपमधून सगळे ऐकत असणार, शेठ ऐकत असणार.

गाडी पुन्हा चालू लागली आणि डोंगराआड गेली.

मग आम्ही नुसते ऐकत पळत होतो. इंजिनाचा आवाज येत होता, चढाचा, जड. पुढे डावं वळण होतं, हे मला माहीत होतं. भोंग्याचा आवाज येणार नव्हता, हेही माहीत होतं. इंजिन अचानक हलकं झालं. दगड गडगडल्याचा आवाज आला आणि बराच वेळ येत राहिला. माणसाचा आवाज आला नाही.

बाकीचं थोडक्यात. तो वाचला नाही. स्टेअरिंगचं चाक डावीकडे पूर्ण फिरलेलं सापडलं. टायर सरळ होते. दुपारी मुहूर्तावर मिस्त्रीनं पूजा उचलली आणि पान्यांची पिशवी घेऊन घाटात आला. काय आवळायला आला होता कोण जाणे. बोल्ट गवतात शोधत फिरला. दोन सापडले.

शेठनं सगळीकडे सांगितलं की ड्रायव्हर गाडी टाकून पळाला आणि पोराला बसवलं. पोलिसांत जबाब तसेच झाले. त्यानंतर मामाला मलकापुरात कोणी चाक दिलं नाही. आता तो धाडच्या बाजारात भाजी घेऊन बसतो. मी पत्रक लिहिलं, आजवर लिहिलेल्यात सगळ्यात कडक. शेठची खुर्ची, तीन हात रंग, खडी नसलेला रस्ता, खोटे जबाब, सगळं घातलं. छापायच्या आधी मामाला वाचून दाखवलं. त्यानं सगळं ऐकलं.

"याच्यात ते पोरगं कुठी आहे बे?"

"हे सगळं त्याच्यासाठीच आहे."

"मंग त्याचं काई नाई दिसत कुठी."

पत्रक मी तरीही छापलं. ते खोटं नव्हतं.

पुढच्या खंडेनवमीला मिस्त्रीनं मामाला प्रसादाला बोलावलं. मामा जाणार नाही असं मला वाटलं होतं. गेला. मी मागोमाग गेलो. पाटावर तसेच पाने, लहानापासून मोठ्यापर्यंत, कुंकू, झेंडू. ओळीत एक जागा रिकामी होती. तो पाना पूजेबाहेर, उंबऱ्याजवळ, कुंकू न लावता, पुसून ठेवला होता.

मामानं तो उचलला. हातात फिरवून पाहिला.

"माप?" त्यानं विचारलं.

"तेच," मिस्त्री म्हणाला.

मामानं पाना होता तिथं ठेवला आणि प्रसादाला बसला. त्या मापाचा बोल्ट असलेली दुसरी गाडी सबंध मलकापुरात नाही.